टेप आणि दोन बोटं: डोक्यावरून मेंदू ओळखायचा कसा

सोलापुरात मी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, काढते. फिट येणाऱ्या पेशंटच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवायचे, हे रोजचं काम. नर्सिंग आणि फिजिओथेरपीची मुलं शिकायला येतात, त्यांना मेंदूचं चार रंगांचं चित्र तोंडपाठ असतं. पण समोर खरं डोकं आलं की फ्रंटल लोब, म्हणजे मेंदूचा पुढचा भाग, कुठं संपतो ते बोट ठेवून सांगता येत नाही. त्या चित्राला ना नाक असतं ना कान. म्हणून मी आधी चित्र मिटायला लावते आणि हाडांपासून सुरुवात करते.

शिवणकामाची टेप घ्या, काजळाची पेन्सिल घ्या आणि घरातलं एखादं शांत बसणारं डोकं शोधा. तेल लावलेलं नको. अक्कलकोट-मोहोळकडून येणाऱ्यांना आम्ही आधीच बजावतो, डोकं धुऊन या म्हणून. तरी निम्मे जण चप्प तेल थापून येतात. तेलावर खूणही टिकत नाही आणि इलेक्ट्रोडही. टक्कल असेल तर उत्तमच.

पहिली खूण नाकाच्या मुळाशी. दोन डोळ्यांच्या मधे, कपाळ आणि नाक जिथं मिळतं तिथला खळगा. त्याला नेझिऑन म्हणतात. दुसरी खूण मागे. मानेच्या मधल्या पन्हळीतून बोट सरळ वर सरकवा, हाडाचा उंचवटा लागेल. तो इनिऑन. बायकांमध्ये तो बऱ्याचदा सपाट असतो. डोकं थोडं मागे झुकवायला सांगा, मान सैल पडली की सापडतो. उरलेल्या दोन खुणा कानापुढं. कानाच्या भोकासमोर जो छोटा कूर्चेचा पडदा असतो, त्याच्या लगेच पुढं बोट ठेवा आणि तोंड उघड-मीट करायला लावा. जबडा हलताना जिथं खळगा पडतो, तीच जागा.

आता नेझिऑनपासून इनिऑनपर्यंत टेप डोक्याच्या बरोबर मधून न्या. मोठ्या माणसात हे अंतर साधारण 36 सेंटीमीटरच्या आसपास येतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अण्णांचं सगळं आयुष्य युनिफॉर्म शिवण्यात गेलं होतं. मी टेप काढलेली बघून म्हणाले, “टोपी शिवायलीस काय गं?” मापाचं तत्त्व तेवढं वेगळं. इथं सेंटीमीटर नव्हे, टक्के मोजायचे: 10, मग 20, 20, 20, 20 आणि शेवटी पुन्हा 10. 36 सेंटीमीटरच्या डोक्यावर खुणा 3.6, 10.8, 18, 25.2 आणि 32.4 वर पडतील. पोरांचं डोकं लहान, माप बदलतं, पण टक्के तेच राहतात. म्हणूनच 1958 साली हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडलेली ही ‘टेन-ट्वेंटी’ पद्धत अजून जगभर चालते. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, टाळूवरून, याच टक्क्यांनी मोजा. दोन्ही मापांचे मध्य जिथं छेदतात तो बिंदू सीझेड.

खरी मजा इथून पुढं. सीझेडच्या एक-दोन सेंटीमीटर मागे, कवटीच्या आत, सेंट्रल सल्कसचं वरचं टोक येतं. ही घडी तिथून खाली आणि थोडी पुढं, गालाच्या दिशेनं उतरते. तिच्या पुढचा पट्टा हालचालीचा, मागचा स्पर्शाचा. पुढचा पट्टा फ्रंटल लोबमध्ये, मागचा पॅरायटल लोबमध्ये. म्हणजे दोन लोबांची हद्द तुम्हाला मिळाली. या पट्ट्यांवर शरीर उलटं टांगलेलं आहे. पाय अगदी वर, मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्ध्यांमधल्या फटीच्या आतल्या बाजूला. त्याखाली धड, हात, आणि सर्वांत खाली चेहरा. वाइल्डर पेनफिल्ड यांनी मॉन्ट्रियलमध्ये जाग्या पेशंटच्या मेंदूला बारीक करंट देऊन हा नकाशा तयार केला. सीझेडपासून कानाकडं 20 टक्के उतरा, हाताची जागा जवळपास आली. डावीकडची सी-थ्री, उजवीकडची सी-फोर. विषम आकडे डावीकडं, सम उजवीकडं. उजव्या हाताच्या अंगठ्यापासून झटके सुरू होतात असं नातेवाईक सांगतात, तेव्हा माझी नजर आधी ईईजीतल्या सी-थ्रीच्या रेषेवर जाते.

कानशील मात्र जपून चाचपा. गालाच्या हाडाची कमान कानापर्यंत जाते. तिच्या मध्यापासून साधारण 4 सेंटीमीटर वर टेरिऑन आहे, चार हाडं मिळतात ती जागा. हाड इथं पातळ आणि आतून एक धमनी गेलेली. हायवेला बिनहेल्मेट जाणाऱ्यांना मी हीच जागा दाखवते. इथूनच लॅटरल सल्कस, ही बाजूची घडी, मागे आणि किंचित वर जातो. त्याच्या खाली टेम्पोरल लोब. सल्कसच्या वर-पुढं डावीकडं ब्रोकाचा भाग, बोलणं जुळवणारा. 1861 मध्ये पॉल ब्रोका यांनी तो दाखवला. सल्कसच्या मागच्या टोकाजवळ वेर्निकेचा भाग, ऐकलेल्याचा अर्थ लावणारा. बहुतेक उजव्या हातानं काम करणाऱ्यांत हे दोन्ही डावीकडंच असतात.

मागचं काम सोपं. इनिऑनपासून 10 टक्के वर ऑक्सिपिटल लोब, म्हणजे दृष्टी. पेशंटला डोळे मिटायला सांगितलं की तिथं सेकंदाला 8 ते 13 वेळा डोलणारी अल्फा लय येते आणि डोळे उघडले की विरते. हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये हे छापलं. मी रोज बघते, तरी बघत राहते.

इनिऑनच्या खाली अनुमस्तिष्क, लहान मेंदू. वजन एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढं, पण न्यूरॉन मात्र निम्म्याहून जास्त. मोठ्या मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते. लहान मेंदूत उजव्या बाजूचा ताबा उजव्याच अंगावर. परीक्षेत मुलं इथं हमखास गडबडतात. समोरच्याला डोळे उघडे ठेवून स्वतःच्या नाकाला आणि तुमच्या बोटाला आळीपाळीनं स्पर्श करायला सांगा. बोट जवळ येताना कापू लागलं, नेम चुकू लागला, तर शंका त्याच बाजूच्या अनुमस्तिष्काची.

ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला, मात्र ना बोट लागतं ना टेप. मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला, आणि त्यांच्यावर बसलेला थॅलॅमस, हे सगळं खोल आहे. त्यासाठी एमआरआयचा मधोमध उभा काप बघा. पांढरी कमान दिसेल ती कॉर्पस कॅलोसम, दोन्ही अर्धगोल जोडणारी. तिच्या खाली थॅलॅमस, आणि तिथून पाठीच्या कण्याकडं उतरत जाणारा देठ. पॉन्स पुढच्या बाजूला फुगलेला असतो, तो आधी शोधा. त्याच्या वर मिडब्रेन, खाली मेड्युला.

एक सांगते, या खुणा अंदाजाच्या. घड्या माणसागणिक थोड्या इकडंतिकडं असतात, त्यामुळं सर्जन टेपवर विसंबून कवटी उघडत नाही. काजळ खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसून निघतं.