गालिच्यावर वाळलेला रंग कसा काढावा

गालिच्यावर रंगाचा डाग वाळलेला दिसला की लोक बादलीभर गरम पाणी आणि कडक ब्रश घेऊन बसतात. गालिचा बिघडतो तो तिथेच. डाग जागेवर राहतो, धागे फुलून पिंजल्यासारखे होतात आणि आतली गादी भिजून कुबट वास मारू लागते.

वाळलेला रंग म्हणजे काय ते आधी समजून घ्या. भिंतीच्या इमल्शनमधलं पाणी उडून गेलं की त्यातले ॲक्रिलिकचे बारीक कण एकमेकांत मिसळतात आणि प्लॅस्टिकसारखा सलग पापुद्रा तयार होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पाणी कितीही गरम घ्या, किती वेळ ओता. ऑइल पेंटचं आणखी वेगळं. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. ओला असताना टर्पेंटाइनने सहज निघतो, पण महिनाभर मुरल्यावर टर्पेंटाइनमध्ये तो फार तर फुगतो आणि मऊ पडतो. म्हणजे दोन्ही रंगांच्या बाबतीत काम एकच: रंग मऊ करायचा आणि धाग्यावरून सोलून उचलायचा. डाग ‘विरघळवून टाका’ असं सांगणारा सल्ला तिथेच सोडून द्या.

रंग कोणता, धागा कोणता

कापसाचा बोळा 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून डागाच्या कडेवर अर्धा मिनिट दाबून धरा. बोळ्याला रंग लागला किंवा डाग चिकट झाला, तर ते इमल्शन किंवा तत्सम ॲक्रिलिक. काहीच झालं नाही, तर ऑइल पेंट किंवा इनॅमल धरून चाला. नुसत्या पाण्याच्या बोळ्यावर खडूसारखी भुकटी आली, तर तो डिस्टेंपर. त्याला व्हॅक्यूम आणि साबणपाणी पुरेसं आहे, पुढचं वाचायची गरज नाही.

धाग्याचं नाव गालिच्याच्या पाठीवरच्या पट्टीवर असतं. पट्टी नसेल तर फर्निचरखालच्या कडेचे तीन-चार धागे कापून घ्या. वाटीभर पाण्यात साबणाचा थेंब टाका आणि धागे चिमटीने दाबून त्यांतली हवा काढा. तरीही वर तरंगले, तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाले, तर एक धागा चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. केस जळल्यासारखा वास आणि बोटांनी चुरा होणारी राख असेल, तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला, तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. कागद जळल्यासारखा वास आला, तर कापूस, ज्यूट किंवा व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला रेशमासारखा चकचकीत धागा).

‘रेशमी’ म्हणून घेतलेल्या गालिच्याला कागदाचा वास आला, तर तो बहुधा व्हिस्कोज आहे. त्याला घरी हात लावू नका. व्हिस्कोज ओला झाला की त्याची ताकद जाते, लव (गालिच्याच्या वरच्या उभ्या धाग्यांचा थर) चपटी होते आणि पिवळे डाग पडतात. तो जाणकार सफाईवाल्याकडेच द्यावा.

बाकीच्यांचं थोडक्यात: लोकरीला अमोनिया, सोडा आणि ब्लीच वर्ज्य. क्लोरीनचा ब्लीच लोकर अक्षरशः खाऊन टाकतो. पॉलिप्रॉपिलीनला इस्त्री वर्ज्य. तो साधारण 165 अंश सेल्सियसला वितळतो आणि त्याच्या बराच आधी चपटा होऊन चकाकू लागतो. ॲसिटेट आणि मोडॲक्रिलिक धागे ॲसिटोनमध्ये विरघळतात. जे द्रव वापरणार, ते आधी लपलेल्या कोपऱ्यात पाच मिनिटं ठेवून पांढऱ्या कापडाने टिपून पाहा. कापडाला गालिच्याचा रंग लागला, तर ते द्रव बाद.

कोरडं खरवडणं

रंगाचा जाड गोळा पक्कडीच्या तोंडात धरून चुरा, बोथट सुरीने वरचा थर उचला, व्हॅक्यूम फिरवा. गोळा रबरासारखा लवचीक असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून दहा मिनिटं वर ठेवा, कडक होऊन तुटतो. रंग फार जुन्या भिंतीवरून खरवडलेला असेल, तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा चुरू नका आणि साधा व्हॅक्यूमही फिरवू नका. ओल्या कापडाने टिपून गोळा करा.

मऊ करणं आणि उचलणं

बहुतेक गालिचे इथे बिघडतात, म्हणून या टप्प्यावर सावकाश.

यंत्रावर बनवलेल्या बहुतेक गालिच्यांची लव एका पायाच्या कापडात टोचलेली असते. ती मागून लॅटेक्सच्या गोंदाने पक्की केलेली असते आणि त्या गोंदावर दुसरं कापड चिकटवलेलं असतं. रंगाचा पापुद्रा ज्याने मऊ पडतो, त्यानेच तो गोंदही मऊ पडतो. बाटली उलटी करून डागावर अर्धा कप टर्पेंटाइन ओतलं, तर रंग निघेलही. पण काही दिवसांनी त्याच जागचे धागे मुळासकट हातात येतील आणि पाठीचं कापड सुटून फुगवटा येईल. ही दुरुस्ती घरी होत नाही. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यात गोंद नसतो, पण त्याचे रंग सुटण्याची भीती जास्त असते. तेव्हा द्रव लवेच्या वरच्या भागातच राहिलं पाहिजे. मुळापर्यंत पोचता कामा नये.

म्हणून प्रमाण सांभाळा. रुपयाच्या नाण्याएवढ्या डागाला ड्रॉपरने आठ-दहा थेंब. तळहाताएवढ्या डागाला एका वेळी एक छोटा चमचा, तोही घडी केलेल्या कापडावर घेऊन, थेट गालिच्यावर नाही. गालिचा उचलता येत असेल, तर डागाखाली पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवा. द्रव खाली उतरलं तर टॉवेल सांगेल.

इमल्शनसाठी सुरुवात वाफेने करावी, धागा नायलॉन, पॉलिएस्टर किंवा लोकर असेल तरच. कपभर कोमट पाण्यात पाव छोटा चमचा भांडी घासायचं लिक्विड मिसळून डाग ओलसर करा, वर ओलं पांढरं सुती कापड घाला, आणि वाफेची इस्त्री कापडापासून दोन बोटं वर धरून वीस-तीस सेकंद वाफ सोडा. इस्त्री टेकवायची नाही. लोकर असेल तर दहा-पंधरा सेकंदच. रंग मऊ वाटला की लगेच उचलायला घ्या. वाफेने भागलं नाही तरच अल्कोहोल. हा क्रम उलटा करू नका. गालिच्यात अल्कोहोल किंवा टर्पेंटाइन असताना गरम इस्त्री जवळ नेणं म्हणजे आगीला आमंत्रण.

अल्कोहोलमध्ये माझी पसंती जेलला आहे. रंग आणि चमकी नसलेलं साधं हँड सॅनिटायझर, ज्यात 60 ते 70 टक्के अल्कोहोल असतं. पातळ अल्कोहोल धाग्यावरून सरळ मुळाशी उतरतं. जेल लवेवर बसून राहतं, उडतंही हळू. डागावर पातळ थर द्या, वर स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पातळ फिल्म घाला आणि पाच मिनिटं थांबा. झाकण नसेल तर अल्कोहोल रंगात शिरण्याआधीच उडून जातं. ‘अल्कोहोलने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांची बहुतेक वेळा हीच चूक झालेली असते.

फिल्म काढल्यावर डाग सुरकुतलेला, किंचित फुगलेला दिसेल. चमच्याच्या कडेने दाबला तर रबरासारखा हलेल. आता हाताशी दोन-तीन मिनिटं असतात, मग तो पुन्हा कडक होतो. म्हणून एका वेळी तीन-चार सेंटिमीटरच घ्या, मोठा डाग पट्ट्यापट्ट्यांनी काढा, आणि नेहमी कडेकडून मध्याकडे या. मध्यातून सुरुवात केली की मऊ झालेला रंग बाहेर पसरतो आणि डाग मोठा होतो.

उचलायची रीत केसांतून लीख ओढतात तशी. धाग्यांचा छोटा झुपका पांढऱ्या कापडाच्या दोन घड्यांमध्ये चिमटीत धरायचा आणि बुडाकडून टोकाकडे ओढायचा. कापडाला रंग लागला की घडी बदलायची, नाहीतर तोच रंग पुढच्या झुपक्याला फासला जातो. दाट जागी चमच्याची कड बुडापाशी टेकवून टोकाकडे खेचा, मागोमाग कापडाने टिपा. धागे तुटत असतील तर रंग अजून मऊ झालेला नाही, थांबा आणि थेंब पुन्हा टाका. जोर वाढवणं हा उपाय नाही.

घासायचं तर मुळीच नाही. गालिच्याच्या धाग्याला पीळ दिलेला असतो, तो एकदा उकलला की परत बसत नाही. डाग गेला तरी ती जागा उजेडात कायम वेगळी दिसत राहते. न कापलेल्या फाशांची लव असेल, तर फासे ज्या दिशेने ओळीत आहेत त्याच दिशेने ओढा. आडवं ओढलं तर एक फासा अडकून ओळच्या ओळ उसवते.

आठ-दहा फेऱ्या लागणं साहजिक आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये कोरड्या कापडाने दाबून ओल टिपून घ्या. सलग दोन फेऱ्या कापड पांढरंच राहिलं की थांबा.

ऑइल पेंटला पद्धत हीच, द्रव आणि वेळ वेगळी. टर्पेंटाइन कापडावर घेऊन डागावर ठेवा, फिल्मने झाका, पंधरा-वीस मिनिटं द्या. तरीही रंग हलला नाही तर ॲसिटोन, पण ते इतक्या भराभर उडतं की एका वेळी झुपक्यापुरते दोन थेंब टाकून लगेच ओढावं लागतं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर रंग, तेल आणि सुवास नसलेलं घ्या. रंगीत रिमूव्हर स्वतःचा डाग सोडतं.

टर्पेंटाइन किंवा ॲसिटोन वापरताना खिडक्या उघड्या ठेवा, गॅस आणि उदबत्ती बंद, हातात रबरी मोजे. गालिचा पूर्ण सुकेपर्यंत व्हॅक्यूम लावू नका, मोटरच्या ठिणगीने वाफ पेटू शकते. वापरलेली कापडं बोळा करून कचऱ्यात टाकायची नाहीत. ऑइल पेंट लागलेल्या कापडांचा ढीग आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो. ती बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या, मग टाका.

काही सल्ले इथेच निकालात काढतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. वाळलेल्या पापुद्र्याला त्या फेसाचं काहीच नाही. भिंतीचा किंवा लाकडाचा रंग काढायचं पेंट रिमूव्हर गालिच्यावर घालू नका, ते धागा आणि गोंद दोन्ही बिघडवतं. हेअर स्प्रेमधलं अल्कोहोल थोडं काम करतं, पण त्यातला चिकट पदार्थ गालिच्यात राहतो आणि धूळ धरतो.

धुणं आणि वाळवणं

कपभर पाण्याला पाव छोटा चमचा लिक्विड, कापडाने लावा, टिपा. मग साध्या पाण्याच्या कापडाने दोनदा टिपा. साबण जास्त झाला तर तो धाग्यात राहतो आणि महिन्याभरात तिथेच काळपट ठिपका दिसू लागतो. सॅनिटायझर वापरलं असेल तर हे साबणपाणी टाळू नका, जेलचा चिकटपणाही तितकाच धूळ ओढतो.

सुकताना खालचा उरलेला रंग ओलाव्याबरोबर धाग्यावरून वर चढतो, म्हणून संध्याकाळी स्वच्छ दिसलेली जागा सकाळी पुन्हा डागाळलेली दिसते. हे टाळायला ओल्या जागेवर टिपकागदाचे दहा-बारा थर ठेवा, वर प्लॅस्टिक, त्यावर जड वजन, आणि रात्रभर तसंच राहू द्या. रंग कागदात चढतो, लवेत नाही.

तरीही सावली राहिली तर

कापलेल्या टोकांची लव असेल, तर बारीक धारदार कात्रीने रंगलेल्या टोकांचा मिलिमीटरभर भाग एकेक झुपका धरून कापा. कात्री आडवी फिरवून खड्डा पाडू नका. फाशांच्या लवेला कात्री लावायचीच नाही.

डाग मुळापर्यंत असेल, तर ठिगळ. कपाटाखालून तेवढाच तुकडा काढा, धारदार सुरीने पाठीकडून कापा म्हणजे लव तुटत नाही. डागाची जागा त्याच तुकड्याच्या मापाने कापा आणि गालिच्याच्या लॅटेक्स गोंदाने बसवा. चिकटवण्याआधी दोन्हीकडे तळहात फिरवून लव कुठल्या दिशेने झुकते ते पाहा आणि तुकडा त्याच दिशेने ठेवा. दिशा उलटी झाली, तर तंतोतंत त्याच रंगाचं ठिगळही दुरून गडद चौकोन म्हणून दिसतं.