चाक धरणारा ब्रेक: ड्रम उघडण्याआधीची तयारी

पावसाळाभर कव्हरखाली उभी असलेली फियाट दसऱ्यासाठी बाहेर काढायची म्हटली की पुण्यात हमखास दोनपैकी एक तक्रार ऐकू येते. एक तर इंजिन सुरू होतं पण गाडी जागची हलत नाही, नाहीतर निघते छान आणि स्वारगेटपर्यंत पोचेस्तोवर एका चाकातून जळका वास यायला लागतो. फियाट ११००, पद्मिनी, जुनी अँबेसेडर, या गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं; ब्रेक दाबला की आतले दोन कमानदार शू त्याला आतून घासतात. त्यामुळे लोक थेट ड्रम खोलायला बसतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की तेवढं आधी करू नका. ड्रम काढायला अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) ढिला करावा लागतो, शू आत सरकतात, आणि ज्या अवस्थेत चाक अडकलं होतं ती अवस्थाच मोडते. मग दोष कुठे होता हे कळायला मार्ग राहत नाही. चाक अडकलेलं असतानाच तपासायचं, आणि त्यासाठीचं सामान आधीपासून हाताशी ठेवायचं.

सपाट, पक्की जागा शोधा. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार ठेवलेला असतो, तिथे जॅक लावू नका. मागची चाकं उचलायची असतील तेव्हा हँडब्रेक सोडलेला असणार, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे हवेत. जॅक फक्त उचलण्यापुरता. गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली हात घालायचा नाही, विटा रचून तर मुळीच नाही. ब्लीडर निपलला (चाकामागचा, ब्रेकमधली हवा आणि ऑइल बाहेर सोडणारा बारीक स्क्रू) नेमका बसणारा रिंग पाना, निपलवर चढेल अशी पारदर्शक नळी, एक बाटली, गंज सोडवणारं तेल आणि जुनी फडकी एवढं तपासणीला पुरतं. गंज सोडवणारं तेल निपलवर आणि पाइपांच्या जोडांवर आदल्या रात्रीच मारून ठेवा. निपल आतच तुटलं की अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं.

गाडी थोडी फिरवून आणा आणि थांबल्या थांबल्या प्रत्येक ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एकच चाक तापलं असेल तर दोष त्या चाकाशी किंवा त्याच्या होजशी, म्हणजे ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीशी. मागची दोन्ही तापली तर हँडब्रेकची केबल, किंवा मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा होज, कारण तो बहुधा दोघांत एकच असतो. चारही तापली तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने सगळ्या चाकांकडे ऑइल ढकलणारा. मग चाक उचलून हाताने फिरवा. लायनरचा (शूवरच्या अस्तराचा) हलका घासल्याचा आवाज चालेल. पेडल दाबून सोडा, पुन्हा फिरवा. नंतर हँडब्रेक ओढून सोडा, पुन्हा फिरवा. फक्त हँडब्रेकनंतर चाक अडत असेल तर ऑइलकडे बघायची गरजच नाही. केबल आवरणात गंजलेली असते, नाहीतर ड्रममधला लिव्हर परत येत नसतो. बेअरिंगही हलवून पाहा. कोरडं बेअरिंग असंच तापतं आणि ब्रेकवर नाहक आळ येतो.

आता सगळ्यात मोलाची चाचणी. चाक अडकलेलं असताना नळी लावून निपल पाव फेरा उघडा. चाक लगेच मोकळं झालं तर ऑइलचा दाब अडकून राहिलाय. झालं नाही तर अडचण ड्रमच्या आत, यांत्रिक. थोडं ऑइल जोरात आलं म्हणून घाबरू नका; जुन्या ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक व्हॉल्व्ह मुद्दाम थोडा दाब राखून ठेवतो. बघायचं ते चाक सुटलं का एवढंच. दाब अडकल्याचं ठरलं तर निपल बंद करा, पेडल दाबून चाक पुन्हा अडकू द्या, आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाला, धातूच्या पाइपचा जोड असतो तिथे, ढिलं करा. चाक सुटलं तर दोष आणखी वर. सुटलं नाही तर होज गेला. जुना होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतलं रबर फुगून वाट सुईएवढी उरलेली असते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, शूच्या स्प्रिंगच्या जोराने मात्र परत येत नाही.

मास्टर सिलिंडर खोलण्याआधी पेडलची ढिलाई बघा. पेडलचा दांडा पिस्टनला टेकण्याआधी एखादा मिलिमीटर मोकळा खेळ हवाच. तो नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, आणि तापून फुगलेल्या ऑइलला परतीची वाट उरत नाही. गाडी दर सिग्नलला जास्त जड होत जाते त्याचं कारण पुष्कळदा हेच, आणि इलाज फक्त एक नट फिरवण्याचा.

दोष कळला की मगच सुटे भाग आणायला नाना पेठेत जा. व्हील सिलिंडरचं (चाकातले शू ढकलणारा) रबर किट घ्यायचं तर जुन्याचं माप व्हर्निअर कॅलिपरने घेऊन जा. नावावर विसंबू नका, कारण या गाड्यांना मागच्या मालकांनी काय काय बसवलेलं असतं याचा नेम नाही. होज आणि शूचे स्प्रिंग जोडीने बदला. सीलबंद डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल आणा. ते हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावरचा किमान १४० अंश धरलेला आहे. म्हणून कपाटातली अर्धी बाटली वापरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. रविवारच्या जुन्या बाजारातून पाने, पकडी खुशाल घ्या, रबर मात्र तिथून नको.

खोलायच्या दिवशी तोंडाला चांगला मास्क हवाच. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका; ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घ्या आणि ती फडकी पिशवीत बांधून टाका. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. स्प्रिंग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, पुढचा शू कोणता, मागचा कोणता, याची खूण करा. ड्रम निघत नसेल तर अ‍ॅडजस्टर पूर्ण सोडून कडेने लाकडी हातोडीने ठोका. ओतीव लोखंडावर घण घालू नका.

आत गेलात की दोन जागा नीट बघा. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचला. खाली तपकिरी राड दिसली तर पिस्टन गंजून चिकटलाय. आणि शू ज्या पत्र्यावर टेकून सरकतो तिथे बोट फिरवा. वर्षानुवर्षं घासून तिथे खाच पडते, शूची कड तीत अडकते. हे फार लोक बघतच नाहीत आणि नवं किट टाकूनही चाक धरतंच. खाच घासून गुळगुळीत करा, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. हे ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबराला लागू देऊ नका, त्याला ब्रेक ऑइलच लावायचं. तेच ऑइल गाडीच्या रंगाला लागलं तर रंग उचलतं, म्हणून पाण्याचा तांब्या शेजारी असू द्या.

काम झाल्यावर ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला पेडलवर बसणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. या गाड्यांत चारही चाकांना मिळून बहुधा ऑइलचं एकच सर्किट असतं, एक जोड गळला तर चारही ब्रेक जातात. म्हणून पेडल मिनिटभर दाबून धरा आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. पहिली चक्कर पहाटे, सपाट रस्त्यावर, हँडब्रेक हाताशी ठेवून. परत आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. दिवे घाट किंवा कात्रज त्यानंतर. लायनर नवे असतील तर शंभरेक किलोमीटरनंतर अ‍ॅडजस्टर पुन्हा बघा, आणि गाडी कव्हरखाली जाताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा.