कलर प्रिंट काढताना आधी एक्सपोजर, मग रंग

ज्यांच्या घरी एनलार्जर (निगेटिव्हवरून पेपरवर मोठी प्रिंट काढायचं यंत्र) आहे अन् ज्यांना ब्लॅक अँड व्हाइटनंतर आता कलर निगेटिव्हच्या प्रिंट काढायच्यात त्यांच्यासाठी लिहून राहिलो. पहिली गोष्ट, प्रिंट नीट गडद होईस्तोवर रंगाकडे पाहूच नका, फिकट प्रिंटमध्ये झाक दिसतच नाही अन् काळपट प्रिंटमध्ये भलतीच दिसते, मग माणूस फिल्टर फिरवत बसतो अन् पेपर संपतो.

एनलार्जरमध्ये उजेडाला रंग देणारे तीन फिल्टर असतात, सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) अन् यलो. सुरुवातीला सायन शून्य ठेवा अन् तिथंच राहू द्या. यलो अन् मॅजेंटा ५०-५० वर, लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड जायचं भोक) एफ ८ ला, आणि पेपरच्या एका पट्टीवर ५, ७, १०, १४, २० सेकंद असे टप्पे घ्या. लाल दिवा इथं चालत नाही, हा पेपर लाल उजेडानंही खराब होतो, म्हणून पूर्ण अंधार पाहिजे. चांगला टप्पा सापडला की पुढं शक्यतो टाइम तोच ठेवून अ‍ॅपर्चर बदला, टाइम फार बदलला तर रंगही सरकतो.

आता फिल्टर. जी झाक दिसते तोच फिल्टर वाढवायचा. उलटं वाटतं पण बघा न, मॅजेंटा फिल्टर हिरवा उजेड अडवतो, अन् पेपरवर मॅजेंटा रंग त्या हिरव्या उजेडानंच तयार होतो, तो कमी झाला की झाकही कमी. लाल झाक असेल तर यलो अन् मॅजेंटा दोन्ही वाढवा, हिरवी असेल तर मॅजेंटा कमी करा, निळी असेल तर यलो कमी करा. जरा झाक असेल तर ५, ठळक दिसत असेल तर १०, भडक असेल तर २०. मॅजेंटा वाढवला की प्रिंट थोडी फिकट होते, तेवढा उजेड वाढवून द्या, यलोनं फारसा फरक पडत नाही.

झाक पाहायची ती पांढऱ्या नाहीतर करड्या जागेवर. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा दुपारचा फोटो याला फार छान, पांढरा घुमट खोटं बोलत नाही. संत्र्यावरून रंग ठरवू नका, प्रत्येकाच्या डोक्यातलं संत्रं वेगळं असते. फुटाळा तलावाच्या संध्याकाळच्या फोटोत पांढरंसुद्धा नारिंगीच असते, ते धुऊन पांढरं केलं तर संध्याकाळच गेली! म्हणून त्याच रोलमधल्या दुपारच्या फ्रेमवर फिल्टर ठरवा अन् त्याच आकड्यांवर संध्याकाळ काढा.

ओली प्रिंट निळसर दिसते, हेअर ड्रायरनं वाळवा, खिडकीच्या उजेडात पाहा, ट्यूबलाइटखाली नको.

आता आपल्या नागपूरचं. आरए-४ (कलर पेपरची रसायन पद्धत) चा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, साधारण ३५ डिग्रीला, ४५ सेकंद. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देते, तेव्हा इथं पाणी गरम नाही, थंड करायची कसरत असते. डेव्हलपरचं भांडं ज्या पाण्यात ठेवता त्या टबात बर्फाच्या पाण्याची बाटली ठेवा अन् थर्मामीटर काढूच नका, तापमान हललं की रंगही हलतो. दुसरं व्होल्टेज. गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की दिवा पिवळट पेटतो अन् प्रिंट फिकट, निळसर येते, फिल्टरची काहीच चूक नसते. एनलार्जरला स्टॅबिलायझर लावाच.

प्रत्येक प्रिंटच्या मागं यलो, मॅजेंटा, अ‍ॅपर्चर, टाइम लिहा. पेपरचं नवीन पाकीट फोडलं की तीच जुनी निगेटिव्ह त्याच आकड्यांवर काढून जुन्या प्रिंटशेजारी ठेवा, जो फरक दिसेल तेवढाच फिल्टर त्या पाकिटापुरता बदला.