आत्याचं माहेरचं नाव आणि बँकेत अडकलेले पैसे

आत्या गेल्यावर तिच्या कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली एक पासबुक सापडलं. शेवटची नोंद १९९८ ची. बँकेत विचारलं तर उत्तर आलं, "असं खातं दिसत नाही." तुम्हालाही हेच सांगितलं असेल, तर पासबुक रद्दीत टाकू नका.

दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी दावा केला नाही, तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरते. ही योजना २०१४ ची. तरी पैसे खातेदाराचेच, त्याच्यामागे वारसांचे. दावा करायला मुदत नाही.

शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे, २०२३ पासून. मोबाइलवर ओटीपी येतो. खातेदाराचं नाव टाका, बँक निवडा. सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट किंवा जन्मतारीख, यांतलं एक तरी द्या.

खरी मेख नावात आहे. आत्याच्या सासरच्या नावावर काहीच निघेना. मग लक्षात आलं, खातं लग्नाआधीचं! आमच्या घरात तिला लग्नात पहिलं नावसुद्धा नवं मिळालं होतं. माहेरचं नाव, मधे आजोबांचं, आडनाव आमचं, असं टाकलं. जन्मतारखेचंही तेच. घरी तिचा वाढदिवस नागपंचमीला, पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून. १ जून टाकल्यावर नोंद सापडली. बायकांची खाती शोधताना हे आधी करून बघा, कळकळीने सांगते.

नोंदीसमोरचा यूडीआरएन, म्हणजे त्या बेवारस ठेवीचा संदर्भ क्रमांक, उतरवून घ्या. पैसे पोर्टलवरून मिळत नाहीत, बँकच देते आणि नंतर निधीतून भरून घेते. बँक विलीन झाली असेल तर नव्या बँकेत जा. देना बँकेचं खातं आता बँक ऑफ बडोदात. नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला आणि केवायसीवर बहुतेक काम होतं. नसेल तर वारसांची कागदपत्रं आणि बाकीच्या वारसांच्या सह्या लागतात. नाव बदललेलं असेल तर लग्नाचा दाखला किंवा जुनं गॅझेट जोडा.

सगळ्याच सहकारी बँका उद्गमवर असतात असं नाही. ज्या नाहीत, त्यांच्या वेबसाइटवरची बेवारस ठेवींची यादी बघा. पतसंस्था या योजनेत येतच नाहीत, तिथे थेट संस्थेतच विचारा.

अर्ज लेखीच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी विचारलं तेव्हा मला नकार मिळाला होता. पोच घेतल्यावर त्याच काउंटरवर जुनं लेजर निघालं.