ले-आउटच्या ग्रुपवर सगळ्यांना एकच माप: ॲडमिननं काय करायचं

भाडेकरूनं टिफिनची जाहिरात टाकली की पाच मिनिटांत डिलीट, आणि सचिवांच्या जावयाच्या प्लॉटची जाहिरात दोन दिवस तशीच. असं एकदा झालं की व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲडमिनचं कोणी ऐकत नाही. कडक नियम लोक चालवून घेतात, तोंड पाहून लावलेला नियम चालवून घेत नाहीत. नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरातली फ्लॅट स्कीम असो की मानेवाड्याकडचं मोठं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वसाहत, निर्णय आठवणीवर घ्यायचा नाही, नोंदीवर घ्यायचा.

आधी नियम. पाच-सहा पुरेत, पण प्रत्येकाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच यायला हवं. 'सभ्य भाषा वापरावी' हा नियम कामाचा नाही, कारण सभ्य काय हे दरवेळी ॲडमिनच ठरवतो आणि तिथूनच भेदभाव शिरतो. त्याऐवजी लिहा: शिवी नको, जात-धर्मावरून टोमणा नको, कोणाचा फोन नंबर किंवा फोटो त्याला विचारल्याशिवाय नको. जाहिरात फक्त रविवारी, एका घराची एक. रात्री 10 ते सकाळी 6 फक्त पाणी, वीज, दवाखाना आणि चोरी. हे सगळं ग्रुपच्या माहितीत टाका. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त 30 दिवस राहतो, मग नियमच दिसेनासे होतात.

सणांच्या शुभेच्छांचं आधीच ठरवा. दिवाळीच्या शंभर पोस्ट चालतात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पहिल्याच पोस्टला 'ग्रुप फक्त कामासाठी आहे' असं उत्तर जातं, याहून जिव्हारी लागणारा भेदभाव दीक्षाभूमीच्या शहरात दुसरा नाही. सगळ्यांचे सण चालतील किंवा कोणाचेच नाही. मधला रस्ता ठेवूच नका.

ॲडमिन तीन असावेत. त्यात एक भाडेकरू आणि किमान एक महिला हवी. एकटा ॲडमिन ग्रुप सोडून गेला तर व्हॉट्सॲप सदस्यांपैकी कोणालाही ॲडमिन करून टाकतं, हेही लक्षात असू द्या.

तक्रार आली की डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. नाव आणि नंबर झाकून तो बाकीच्या दोघांना पाठवा आणि एवढंच विचारा: कोणता नियम मोडला? कोणाचा मेसेज आहे हे कळायच्या आत उत्तर आलं पाहिजे. 'आपला तो बाब्या' टाळायचा हाच खात्रीचा उपाय आहे. ज्या ॲडमिनचं नातं, शेजार किंवा भांडण त्यात असेल त्यानं बाजूला राहावं. शिवी किंवा धमकी असेल तर मात्र मेसेज लगेच काढा, विचारविनिमय नंतर.

ॲडमिननं मेसेज काढला की तिथं त्याचं नाव सगळ्यांना दिसतं. म्हणून लगेच खाली एक ओळ लिहा: 'नियम 3 प्रमाणे मेसेज काढला.' कोणाचा, ते लिहायचं नाही. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर पुढच्या वादात दाखवायला काहीच उरत नाही.

कारवाईचा क्रमही ठरलेला असावा. पहिल्यांदा मेसेज काढून खाजगीत कळवायचं. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर लेखी ताकीद. तिसऱ्यांदा सात दिवस ग्रुपबाहेर, आणि परत घ्यायची तारीख त्याच मेसेजमध्ये. ग्रुपमध्ये एकाच सदस्याला गप्प ठेवायची सोय नाही, म्हणून काढावंच लागतं. काढलेला माणूस लिंकवरून स्वतः परत येऊ शकत नाही, तेव्हा मोबाइलवर आठवण लावून ठेवा. विसरलात तर सात दिवसांची शिक्षा कायमची होते, आणि ओळखीच्याला मात्र दोनच दिवसांत परत घेतलं जातं.

वयानं मोठ्या माणसाला कळवताना भाषा मऊ ठेवा, कारवाई तीच:

'नमस्कार काकाजी. सकाळची दवाखान्याची जाहिरात नियम 4 मुळे काढावी लागली. रविवारी टाकली तर चालते. राग मानू नका.'

आता नोंदवही. साधं गुगल शीट पुरतं, तिन्ही ॲडमिनना दिसेल असं. चार रकाने: तारीख, मेसेज कशाबद्दल, नियम क्रमांक, काय केलं. उदाहरणार्थ: '14 जून, कार पार्किंगवरून शिवी, नियम 1, पहिली सूचना.' नवीन तक्रार आली की आधी तसाच जुना प्रकार शोधा आणि तेव्हा केलं तेच करा. जुना निर्णय चुकीचा वाटत असेल तर नियम बदला, पण तो जाहीर करून पुढच्या तारखेपासून लावा. चालू भांडणात बदलू नका. दर तीन महिन्यांनी वही चाळताना मालक किती, भाडेकरू किती हे मोजा. कारवाई एकाच बाजूला झुकत असेल तर तक्रारी कोण करतंय तेही बघा, कारण दोन-तीन जणच सतत एकाच घरावर बोट ठेवत असतात.

आणीबाणीत नियम सैल होतात आणि अफवा सुटतात. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तशी रात्र आली तर 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील' हे चालू करा, पण किती वाजता बंद करणार तेही लिहा. महापालिका आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचनाच पुढे पाठवा. मदत मागणाऱ्यांसाठी तिन्ही ॲडमिनचे फोन सुरू हवेत.

पोलीस केसच्या धास्तीनं काही ॲडमिन राजकीय पोस्ट उडवत सुटतात, आपल्या पक्षाची तेवढी राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे की, ॲडमिन आणि सदस्य यांचं आधीपासून संगनमत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. घाबरून काढू नका, नियम मोडला तरच काढा.

ज्याच्यावर कारवाई झाली त्याला दाद मागता आली पाहिजे. ज्या ॲडमिननं निर्णय दिला तो सोडून बाकी दोघांनी 48 तासांत उत्तर द्यावं. निर्णय फिरला तर तोही वहीत चढवा, आणि ज्या ग्रुपवर मेसेज काढल्याचं लिहिलं होतं तिथंच चूक दुरुस्त केल्याचं लिहा.