छोटा उपग्रह सोडण्याआधी परवानग्यांची तयारी कशी करावी

भारतात खासगी कंपनीला किंवा महाविद्यालयाला स्वतःचा उपग्रह सोडता येतो, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. त्यासाठी कोणते काम आधी हाती घ्यावे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. उपग्रहाचा आराखडा पक्का करून मग परवानग्यांकडे वळण्याची पद्धत महागात पडते, कारण संदेशांसाठीची रेडिओ फ्रिक्वेन्सी आणि कक्षा या दोन गोष्टींवर सरकारचे जे म्हणणे येईल, त्यानुसार अँटेनापासून बॅटरीपर्यंत बरेच काही बदलावे लागू शकते.

सरकार इतके बारकाईने का विचारते, हे आधी समजून घ्यावे. १९६७ च्या बाह्य अंतराळ कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी संस्थांच्या अंतराळातील कामांची जबाबदारीही त्या त्या देशावर येते आणि अशा कामांना मंजुरी देऊन त्यांवर सतत देखरेख ठेवणे देशाला बंधनकारक आहे. १९७२ च्या दायित्व करारानुसार अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर चूक सिद्ध न होताही प्रक्षेपण करणारा देश भरपाईला बांधील ठरतो. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह उत्तर कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. आपला उपग्रह एक किलोचा असला, तरी अर्जातला प्रत्येक प्रश्न याच जबाबदारीतून आलेला असतो, हे ध्यानात ठेवले की उत्तरे लिहिणे सोपे जाते.

यानंतर दोन दस्तऐवज वाचावेत. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेले भारतीय अंतराळ धोरण कोणाचे काम काय, एवढेच सांगते: इस्रोने संशोधनावर भर द्यावा, न्यूस्पेस इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीने व्यापारी बाजू सांभाळावी आणि खासगी संस्थांना मंजुरी इन-स्पेस या सरकारी संस्थेने द्यावी. प्रत्यक्ष कार्यपद्धती मात्र इन-स्पेसने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमावलीत आहे, आणि अर्ज भरणाऱ्याने तीच टेबलावर उघडी ठेवावी. अंतराळविषयक स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे सध्याची चौकट धोरणाच्या आधारावर उभी आहे. माझ्या मते गुंतवणूकदाराशी बोलताना ही गोष्ट झाकून ठेवू नये. अर्ज मात्र इस्रोच्या ओळखीच्या शास्त्रज्ञामार्फत पुढे सरकवण्याचा विचार करू नये. अहमदाबादच्या बोपळ येथे मुख्यालय असलेल्या इन-स्पेसकडेच तो ऑनलाइन करायचा असतो.

सर्वांत जास्त वेळ फ्रिक्वेन्सीला द्यावा. देशांतर्गत वाटप दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन शाखा करते, तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे नोंद देशाच्या सरकारमार्फतच जाते. कोणतीही कंपनी तिथे थेट अर्ज करू शकत नाही. इतर देशांच्या हरकती येणे आणि त्यांचे निरसन होणे यात महिने जातात. विद्यार्थ्यांचे उपग्रह बहुधा हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओ चालवणाऱ्यांच्या ‘हॅम रेडिओ’चा, फ्रिक्वेन्सी पट्टा निवडतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’, जो जून २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या सी३४ मोहिमेतून गेला, त्याच वाटेने गेला होता. हा सुमारे एक किलोचा उपग्रह केवळ चुंबकांच्या साहाय्याने दिशा धरणारा होता आणि हॅम रेडिओवरून संदेशांची देवाणघेवाण हे त्याचे काम होते. पण या पट्ट्याला अटी आहेत: त्यावरून पैसे कमावता येत नाहीत आणि संदेशाचा अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही, जमिनीवरून उपग्रहाला दिल्या जाणाऱ्या आदेशांनाच काय ती सूट आहे. पुढे छायाचित्रे विकण्याचा बेत असेल, तर हा पट्टा पहिल्याच दिवशी बाद करावा.

कक्षा ठरवताना उपग्रहाच्या शेवटाचा हिशेब आधी मांडावा. साधारण ५०० किलोमीटर उंचीवरचा छोटा उपग्रह विरळ हवेच्या घर्षणाने काही वर्षांत खाली येऊन जळतो. ८०० किलोमीटरवर तोच शतकभरही फिरत राहू शकतो. काम संपल्यावर २५ वर्षांत कक्षा मोकळी करावी, हा जुना संकेत आहे, पण अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये ही मुदत ५ वर्षांवर आणली, आणि भारताने २०३० पर्यंत सरकारी व खासगी अशा सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. इंजिन नसलेल्या उपग्रहाने म्हणूनच खालचीच कक्षा मागावी.

केवळ एखादे उपकरण अंतराळात तपासायचे असेल, तर स्वतंत्र उपग्रहाचा खटाटोप टाळावा. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर ‘पोएम’ या नावाने प्रयोगांसाठी वापरला जातो. डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत त्यावर २४ उपकरणे होती, त्यांपैकी १० इस्रोबाहेरच्या संस्थांची होती. परदेशी अग्निबाणातून जायचे ठरले, तरी भारतातली मंजुरी सुटत नाही. विम्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा: मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ मोहीम तिसऱ्या टप्प्यातील अडचणीमुळे अयशस्वी झाली, आणि पीएसएलव्हीचा तोवरचा लौकिक उत्तम होता.

परकीय भांडवल घेताना २०२४ पासून लागू असलेल्या मर्यादा तपासाव्यात. सरकारी पूर्वपरवानगीविना उपग्रह बनवणे व चालवणे यात ७४ टक्के, प्रक्षेपकांमध्ये ४९ टक्के आणि सुट्या भागांच्या निर्मितीत १०० टक्के गुंतवणूक येऊ शकते. एकच कंपनी यातली दोन कामे करणार असेल, तर भागीदारीचा करार करण्यापूर्वीच जाणकार सल्लागाराला विचारावे.

उपग्रह कक्षेत पोहोचल्यावरही कागद संपत नाहीत. कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल, फेरीचा कालावधी, पृथ्वीपासूनचे सर्वांत जवळचे व दूरचे अंतर ही माहिती सरकारला द्यावी लागते, कारण तिची नोंद पुढे संयुक्त राष्ट्रांकडे जाते. उपग्रह बंद पडला किंवा जळून गेला, तर तेही कळवावे.