गिअर अडतोय? गिअरबॉक्स उघडण्याआधी हे करून बघा

गिअर अडायला लागला की पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो. पण बऱ्याचदा दोष क्लचचा असतो. कधी तर नुसती पायाखालची मॅट पेडलमागे सरकलेली असते, म्हणून आधी ती ओढून काढा.

आता गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करा आणि हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर टाकून बघा. एखादा एकदाच अडला तर दातासमोर दात आला असेल. क्लच सोडून, पुन्हा दाबून टाका. मग न्यूट्रलला आणून इंजिन सुरू करा आणि ब्रेक दाबून तेच पुन्हा करा.

इंजिन बंद असताना सहज पडणारे गिअर इंजिन सुरू होताच अडले, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये. दोन्ही वेळा सगळेच अडले, तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या केबल, दांडे आणि त्यांचे झिजलेले बुश (सांध्यांतल्या छोट्या नळ्या) आधी बघायचे.

क्लचवर संशय आला की रिव्हर्सला साक्षीला बोलवा. गाडी उभी, इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता सुरू. क्लच तळापर्यंत दाबा, मनात दहा आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारा भाग, नसतो, त्यामुळे घाई केली तर 'खर्र' होणारच. पण दहा मोजूनही खर्र झालं, तर क्लच दाबलेला असतानाही इंजिन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतंय.

क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर पेडल चार-पाच वेळा भराभर दाबून लगेच गिअर टाका. आता पडला? मग लाइनमध्ये हवा शिरलीय किंवा मास्टर (पेडलकडचा) नाहीतर स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडर गळतोय. क्लचच्या तेलाच्या टाकीतली पातळी बघा आणि पेडलच्या वरच्या टोकाशी बोट फिरवून ओल लागते का तेही बघा. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, तेव्हा पातळी घसरलेली दिसली तर चालढकल नको. केबलचा क्लच असेल तर पेडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच हलायला लागण्याआधीची पेडलची मोकळी चाल, मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्या. निम्म्या वेळा काम तिथेच होतं.

एकच गिअर, समजा दुसरा, खर्र करतो आणि बाकीचे ठीक आहेत? मग क्लचला दोष देऊ नका. त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजली असणार. खात्रीसाठी गिअर उतरवताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ॲक्सिलरेटर किंचित द्या, पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. असा गुपचूप पडला तर निदान पक्कं. मात्र गारठ्यात पहिली काही मिनिटंच जड जात असेल तर ते गिअरबॉक्समधलं घट्ट झालेलं ऑइल आहे. त्याची पातळी तपासा आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच वापरा. 'जाड टाकू, आवाज दबेल' हा सल्ला मला कधीच पटला नाही. गिअर आणखी जड होतात.

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच गिअर निसटतो, हे दुखणं बहुधा आतलं. तरी इंजिनाचे माउंट (ज्यांवर इंजिन बसवलेलं असतं ते आधार) आणि लिव्हरची जुळणी आधी बघून घ्यायला सांगा.

शेवटी कान लावा. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबल्यावर थांबली तर दोष इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचा. दाबल्यावरच सुरू झाली तर रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. गॅरेजमध्ये नुसतं 'गिअर अडतो' म्हणू नका. कोणता गिअर, गाडी थंड की गरम, इंजिन बंद असताना काय होतं, ते कागदावर लिहून न्या.